पल्स मोजू या : किरणोत्सर्ग डिटेक्टरमागचं डीएसपी



व्हायव्हामध्ये एक्स्टर्नलनी "डीएसपीचं एखादं अ‍ॅप्लिकेशन सांगा" असं म्हटलं की आपली सगळ्यांची उत्तरं एकाच साच्यातली असतात. मोबाइल, ऑडिओ, इमेज प्रोसेसिंग, फार तर ईसीजी. यात चूक काहीच नाही. पण एक जागा अशी आहे की जिथे सिग्नल कधी येणार हे कुणालाच ठाऊक नसतं, एकदा आलेला सिग्नल परत येत नाही आणि हवी ती सगळी माहिती एका छोट्याशा उडीच्या उंचीत दडलेली असते. ही जागा म्हणजे अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रातले डिटेक्टर. गंमत म्हणजे इथे फूरिए ट्रान्सफॉर्मची फारशी गरजच पडत नाही. बेरीज, वजाबाकी आणि एक गुणाकार एवढ्यावर भागतं. तरीही हे काम नीट जमायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. का, ते या लेखात पाहू.

डिटेक्टर आपल्या हातात काय देतो?

उदाहरणासाठी जर्मेनियमचा डिटेक्टर घेऊ. हा म्हणजे अतिशुद्ध जर्मेनियमचा मोठा स्फटिक, रिव्हर्स बायस केलेला. थोडक्यात, आपल्या ईडीसीमधला डायोडच, पण मुठीएवढा, द्रव नायट्रोजनने थंड केलेला आणि दोन-चार हजार व्होल्ट लावलेला. गॅमा किरणाचा एक कण (फोटॉन) आत शिरून आपली ऊर्जा देतो आणि त्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉन-होल जोड्या तयार होतात. जर्मेनियममध्ये एका जोडीला सरासरी २.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात.

आता कोबाल्ट-६० चा गॅमा घ्या, ऊर्जा १३३२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (यापुढे केईव्ही). भागाकार केला की साडेचार लाख जोड्या मिळतात. आकडा मोठा वाटतो, पण कूलॉममध्ये मांडला तर हा चार्ज फक्त ७२ फेम्टोकूलॉम. प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये १ पिकोफॅरडचा फीडबॅक कपॅसिटर असेल, तर त्यावर ७२ मिलिव्होल्टची उडी येईल. बस्स, एवढंच आपल्या हातात येतं. या ७२ मिलिव्होल्टमध्ये सुमारे हजारातल्या एका भागाइतका फरक ओळखता आला पाहिजे, कारण शेजारी-शेजारी असलेल्या दोन गॅमा रेषा वेगळ्या दिसायला हव्या असतात.

किती बारकाईने मोजता येईल याला निसर्गाचीच मर्यादा आहे. दर वेळी बरोबर साडेचार लाख जोड्या तयार होत नाहीत, संख्या थोडी इकडे-तिकडे होते. साधा पॉइसाँ नियम लावला तर विचलन साडेचार लाखांच्या वर्गमुळाएवढं, म्हणजे ६७० च्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात जोड्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्रपणे तयार होत नसल्याने ते बरंच कमी येतं. हा फॅनो घटक, जर्मेनियमसाठी साधारण ०.१. तो धरला की विचलन २१२ जोड्या आणि निम्म्या उंचीवरची रुंदी सुमारे १.५ केईव्ही. चांगल्या जर्मेनियम डिटेक्टरची प्रत्यक्षातली रुंदी १.८ ते २ केईव्ही असते. मधला जो फरक उरतो तो इलेक्ट्रॉनिक्स आणि चार्ज गोळा होण्यातल्या त्रुटींच्या नावावर जमा होतो. आपण इंजिनिअर लोक भांडतो ते याच अर्ध्या केईव्हीसाठी.

तुलनेसाठी, सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाची रुंदी सीझियम-१३७ च्या ६६२ केईव्हीला सुमारे सात टक्के, म्हणजे ४५ केईव्हीच्या आसपास असते. स्वस्त, थंड करण्याची कटकट नाही, पण नजर अधू.

हौद, बादली आणि भोक

प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट समजायला एक हौद डोळ्यांसमोर आणा. कुणीतरी मध्येच येऊन त्यात बादलीभर पाणी ओततं आणि पातळी झटकन वर जाते. किती वर गेली यावरून बादलीत किती पाणी होतं ते कळतं. पण हौद भरून वाहू नये म्हणून तळाला एक बारीक भोक ठेवलेलं आहे. त्यामुळे वर गेलेली पातळी हळूहळू खाली येत राहते. हे भोक म्हणजे फीडबॅक रेझिस्टर आणि हळूहळू उतरणारी पातळी म्हणजे एक्स्पोनेन्शियल डीके. त्याचा टाइम कॉन्स्टंट साधारण ५० मायक्रोसेकंद धरू.

आता अडचणी बघा. एक, पाण्यावर सतत लाटा असतात (नॉइज). दोन, कुणी बादली एकदम उलटी करतं, तर कुणी धार धरून ओततं. स्फटिकात चार्ज कुठे तयार झाला त्यावर तो गोळा व्हायला लागणारा वेळ अवलंबून असतो, मोठ्या स्फटिकात हा वेळ काहीशे नॅनोसेकंद असतो. तीन, पहिल्याचं पाणी उतरण्याआधीच दुसरा येऊन ओततो. आणि चार, या सगळ्यांच्या येण्याला वेळापत्रक नाही.

जुन्या काळी (म्हणजे बऱ्याच प्रयोगशाळांत अजूनही) हे सगळं अ‍ॅनलॉगमध्ये सोडवत असत. १९६४ मध्ये निम नावाचं स्टँडर्ड ठरलं. एका जड लोखंडी बिनमध्ये खुंट्यांना टोप्या लावाव्यात तशी मॉड्यूल्स बसवायची : शेपिंग अ‍ॅम्प्लिफायर, डिस्क्रिमिनेटर, टायमर. शेपिंग अ‍ॅम्प्लिफायर त्या उडीचा गॉशियन आकाराचा छान गोलसर पल्स करतो आणि त्याचं शिखर एडीसी मोजतो. यासाठी डेनिस विल्किन्सन यांनी १९५० मध्ये सुचवलेला एडीसी कित्येक दशकं टिकून राहिला : कपॅसिटरवर शिखर पकडून ठेवायचं, मग तो एकसारख्या करंटने रिकामा करायचा आणि रिकामा होईपर्यंत क्लॉकच्या टिक्स मोजायच्या. अत्यंत साधा आणि अत्यंत रेषीय, फक्त पल्स जितका मोठा तितका वेळ जास्त. शेपिंग अ‍ॅम्प्लिफायरच्या पॅनेलवर 'पोल-झीरो' असा एक छोटा स्क्रू असतो. ऑसिलोस्कोपकडे बघत तो एका बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवत बसणे हा या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांचा पिढीजात उद्योग. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण कागदावर पोलवर झीरो ठेवून तो 'कॅन्सल' करतो ना, तेच इथे हाताने.

शिखराऐवजी सरासरी

डिजिटल पद्धतीत शेपिंग अ‍ॅम्प्लिफायर काढून टाकतात आणि प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट थोडं गेन देऊन थेट फास्ट एडीसीला देतात. समजा एडीसी १४ बिटचा, १०० मेगासॅम्पल प्रति सेकंद, रेंज २ व्होल्ट. म्हणजे दर १० नॅनोसेकंदांनी एक आकडा.

इथे एक कोडं आहे. १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या, एक पायरी ०.१२२ मिलिव्होल्टची. गेन न देता आपली ७२ मिलिव्होल्टची उडी जेमतेम ५९० पायऱ्यांची होईल, म्हणजे एका पायरीला सव्वादोन केईव्ही. आपल्याला तर दोन केईव्हीपेक्षा कमी रुंदी हवी! पाचपट गेन दिला तर पायरी ०.४५ केईव्हीची होते. पण पायरीपेक्षाही बारीक मोजता येतं, कारण आपण एका सॅम्पलवर विसंबून राहात नाही. उडीच्या आधीची ५०० सॅम्पल्स आणि नंतरची ५०० सॅम्पल्स यांच्या सरासऱ्यांमधला फरक घेतो. ५०० ची सरासरी घेतली की व्हाइट नॉइज २२ पटीने कमी होतो. आणि सिग्नलवर थोडा नॉइज असणं इथे उपकारकच ठरतं. तो सॅम्पल्सना शेजारच्या पायऱ्यांवर नाचवतो, म्हणूनच सरासरीला दोन पायऱ्यांमधली किंमत सापडते. डिदरिंग या नावाखाली हे आपण क्वांटायझेशनच्या धड्यात वाचलेलं असतं.

छोटं उदाहरण करून बघू. एडीसीकडून आलेले आकडे असे :

१०, ११, ९, १०, ४०, ८०, ११०, १०९, १११, ११०

पहिल्या चारांची सरासरी १०, शेवटच्या चारांची ११०. मधले ४० आणि ८० सोडून दिले. उत्तर १००. मधले का सोडले? कारण तेव्हा बादली ओतणं चालू होतं. कुणी भराभर ओतो की सावकाश, ते मधल्या जागेत संपलं की आपल्या उत्तरावर परिणाम नाही. अ‍ॅनलॉगमध्ये 'बॅलिस्टिक डेफिसिट' नावाचा जो दोष छळतो, म्हणजे हळू ओतलेल्या बादलीचं शिखर थोडं बुटकं दिसतं, त्याचा बंदोबस्त इथे दोन सॅम्पल्स वगळून झाला.

हीच क्रिया प्रत्येक क्लॉकला, पुढे सरकत सरकत केली तर आउटपुटचा आकार समलंब चौकोन होतो : चढ, सपाट माथा, उतार. म्हणून याचं नाव ट्रॅपेझॉइडल फिल्टर. चढाची लांबी म्हणजे किती सॅम्पल्सची सरासरी, माथ्याची लांबी म्हणजे किती सॅम्पल्स वगळली.

मग सरासरी पाचशेऐवजी पाच हजारांची का घेऊ नये? कारण सगळाच नॉइज व्हाइट नसतो. डिटेक्टरच्या लीकेज करंटमुळे येणारा नॉइज वेळ वाढवला की उलट वाढतो. त्यामुळे मध्ये कुठेतरी एक उत्तम बिंदू असतो, आणि तो प्रत्येक डिटेक्टरला शोधावा लागतो. एक सावधगिरी : अ‍ॅनलॉगचा 'शेपिंग टाइम' आणि डिजिटलचा चढ हे एकच नव्हेत. साधारण दुपटीचा हिशेब असतो, ६ मायक्रोसेकंद शेपिंगला तोलाचा चढ १२ च्या आसपास. जाहिरातीतल्या तुलना वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

शेपटीचा बंदोबस्त

वरच्या उदाहरणात मी सोयीस्करपणे हौदाचं भोक विसरलो आहे असं तुम्हाला वाटेल. आता तिकडे वळू. समजा दर सॅम्पलला पातळी ०.९ पट होते. १०० ची उडी अशी दिसेल : १००, ९०, ८१, ७२.९... प्रत्येक आकड्यातून आधीच्या आकड्याची ०.९ पट वजा करा. १००, ०, ०, ०. आता सुरुवातीपासूनची बेरीज ठेवत जा. १००, १००, १००, १००. भोक बुजलं! हौद तोच, पाणी तितकंच उतरतंय, पण हिशेबात सपाट पायरी मिळाली.

हे सगळं एकत्र, प्रत्येक क्लॉकला मोजक्याच क्रिया करून कसं करायचं ते मिशिगन विद्यापीठाच्या व्हॅलेंटिन जॉर्डानोव्ह आणि ग्लेन नॉल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पेपरमध्ये मांडलं. (नॉल यांचं किरणोत्सर्ग मापनावरचं जाडजूड पाठ्यपुस्तक या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या टेबलावर असतं.) व(न) हे न-वं सॅम्पल मानलं, तर :

फ(न) = व(न) − व(न−क) − व(न−ल) + व(न−क−ल)
प(न) = प(न−१) + फ(न)
र(न) = प(न) + म × फ(न)
स(न) = स(न−१) + र(न)

स(न) हा आपला समलंब चौकोन. क म्हणजे चढाची लांबी, ल वजा क म्हणजे सपाट माथा. म हा भोकाचा आकार सांगणारा आकडा. एका क्लॉकमध्ये पातळी अ पटीने उतरत असेल तर म = अ ÷ (१ − अ). आपल्या ०.९ साठी म = ९. खऱ्या ५० मायक्रोसेकंदांसाठी आणि १० नॅनोसेकंदांच्या क्लॉकसाठी अ = ०.९९९८, म्हणून म जवळजवळ ५०००. माथ्याची उंची उडीच्या क × (म + १) पट येते, तेवढ्याने भागलं की झालं.

चढ पाचशेचा असो की पाच हजारांचा, गुणाकार एकच! नेहमीच्या एफआयआर पद्धतीने केलं असतं तर दर १० नॅनोसेकंदांना हजारभर गुणाकार लागले असते. एफपीजीएमध्ये हे चार-पाच अ‍ॅडर, थोडी डिले लाइन आणि एक मल्टिप्लायर यात बसतं.

झेड-डोमेनची सवय असलेल्यांनी एव्हाना भुवया उंचावल्या असतील. दोन-दोन अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे युनिट सर्कलवर, झेड = १ ला दोन पोल. मार्जिनली स्टेबल! बरोबर आहे. पण पहिल्या ओळीतल्या वजाबाक्यांमुळे तिथेच दोन झीरोही आहेत, ते या पोलना खोडतात. अट एकच, खोडणं तंतोतंत झालं पाहिजे. फ्लोटिंग पॉइंटमध्ये दर पायरीला शेवटच्या बिटमध्ये जी बारीक गोळाबेरीज होते, ती अ‍ॅक्युम्युलेटरमधून कधीच बाहेर पडत नाही. वाण्याच्या उधारीच्या वहीत रोज दोन पैसे वरखाली लिहिले तर वर्षाअखेरीस हिशेब जुळेल का? सेकंदाला दहा कोटी नोंदी होणाऱ्या वहीची कल्पना करा. म्हणून इथे शुद्ध पूर्णांक वापरतात, आणि पूर्णांकात बेरीज-वजाबाकी कधीच चुकत नाही. मॅटलॅबमध्ये डबल प्रिसिजनने सुंदर चाललेला हा फिल्टर हार्डवेअरमध्ये सिंगल फ्लोटने केला की काही वेळाने बेसलाइन भटकू लागते. कारण हे आहे.

म चुकला तर? खरा टाइम कॉन्स्टंट ५० असताना आपण ४८ भरला, तर माथा सपाट राहात नाही आणि पल्स संपल्यावर बेसलाइन शून्यावर यायला वेळ लावते. पल्स तुरळक असतील तर हे कळतही नाही. दर वाढला की पुढचा पल्स मागच्याच्या चुकीवर उभा राहतो, आणि स्पेक्ट्रममधलं टोकदार शिखर एका बाजूला ओघळतं. स्क्रूड्रायव्हर गेला, पोल-झीरो नाही गेला. आता तो एका रजिस्टरमध्ये राहतो.

पत्र्यावरचा पाऊस

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पत्र्याच्या छपराखाली बसला असाल तर पावसाची सुरुवात आठवा. टप... टप टप... थेंब न् थेंब मोजता येतो. मग सर आली की नुसता धो धो आवाज, मोजायचं काय? डिटेक्टरचं तसंच होतं.

समजा प्रत्येक पल्सवर काम करायला इलेक्ट्रॉनिक्सला २० मायक्रोसेकंद लागतात आणि त्या वेळात दुसरा पल्स आला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात, थांबण्याचा वेळ पुन्हा नव्याने सुरू होतो. अशा यंत्राला पॅरालायझेबल म्हणतात. खरा दर ख असेल आणि हा वेळ ट असेल, तर मोजलेला दर = ख × ई चा (−ख×ट) घात. सेकंदाला १०,००० पल्स आले तर मोजले जातात सुमारे ८,१९०. ठीक आहे, दुरुस्ती करता येईल. ५०,००० आले तर मोजले जातात १८,४००, आणि हाच कमाल आकडा. यापुढे खरा दर वाढला की मोजलेला दर कमी होतो! सेकंदाला १,४३,००० आले तर मोजले जातात... पुन्हा सुमारे ८,१९०.

म्हणजे मीटर ८,१९० दाखवतंय, पण समोर दहा हजार आहेत की एक लाख त्रेचाळीस हजार, हे त्या आकड्यावरून सांगताच येत नाही. स्रोताच्या जवळ जाताना काटा खाली येतो आणि माणसाला वाटतं धोका कमी होतोय. साध्या जीएम काउंटरच्या बाबतीत हा धोका जुनाच आहे आणि चांगल्या मीटरमध्ये त्यासाठी वेगळी सोय केलेली असते.

हे पुस्तकी नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात कामगार किरणोत्सर्गाने आजारी पडले, त्यातला एक दगावला. दिल्ली विद्यापीठात वापरात नसलेला एक गॅमा इरॅडिएटर लिलावात भंगार म्हणून विकला गेला होता आणि त्यातलं कोबाल्ट-६० कामगारांच्या हातात पडलं होतं. अशा ठिकाणी दोन प्रश्नांची उत्तरं लगेच हवी असतात : कोणता पदार्थ आहे आणि किती आहे. पहिल्याचं उत्तर शिखरं देतात. ११७३ आणि १३३२ केईव्हीला जोडीने उभी शिखरं दिसली की कोबाल्ट-६०, दुसरं काही नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वरचं गणित आडवं येतं. तीव्र स्रोतासमोर गोंधळलेलं इलेक्ट्रॉनिक्स शिखरंही पुसट करतं आणि आकडाही खोटा सांगतं.

डिजिटल पद्धतीचा खरा फायदा इथे आहे. एकाच एडीसीचे आकडे एकाच वेळी दोन फिल्टरना देता येतात. एक संथ, ऊर्जा मोजणारा. दुसरा चपळ, फक्त १०० नॅनोसेकंदांचा. चपळ फिल्टर उंची बारकाईने सांगू शकत नाही, पण "आला, अजून एक आला" एवढं नक्की सांगतो. दोन पल्स फार जवळ आले तर तो संथ फिल्टरला बजावतो की हे माप टाकून दे, भेसळ आहे. आणि आत येणारे पल्स किती याची वेगळी मोजणी ठेवतो. त्याच १,४३,००० पल्सच्या दराला चपळ फिल्टर फक्त दीड टक्क्याच्या आसपास चुकवतो. संथ फिल्टरने ८,००० च मोजले तरी बाहेर खरा पाऊस केवढा आहे हे यंत्राला ठाऊक असतं. एक त्रुटी उरते : चपळ फिल्टर नॉइजी असल्याने फार लहान पल्स त्याच्या थ्रेशोल्डखालून निसटतात. थ्रेशोल्ड खाली आणला तर नॉइजलाच पल्स समजतो.

मुंबईतले शहाण्णव कान

आपल्या जवळचं उदाहरण पाहायचं तर कुलाब्याला जावं लागेल. टीआयएफआरच्या आवारात बीएआरसी आणि टीआयएफआर यांचा पेलेट्रॉन अ‍ॅक्सिलरेटर १९८८ पासून आहे. इंगा, म्हणजे भारतीय राष्ट्रीय गॅमा अ‍ॅरे, हा जर्मेनियमच्या 'क्लोव्हर' डिटेक्टरचा मेळावा मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या अ‍ॅक्सिलरेटर केंद्रांमध्ये आळीपाळीने मांडला जातो. क्लोव्हर म्हणजे चार पाकळ्यांसारखे चार स्फटिक एकत्र. पूर्ण मांडणीत २४ क्लोव्हर, म्हणजे ९६ चॅनेल्स. अ‍ॅनलॉगमध्ये प्रत्येक चॅनेलला अ‍ॅम्प्लिफायर, टायमिंगची वेगळी साखळी, एडीसी आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी. मुंबईत याच्या जागी १०० मेगाहर्ट्झने सॅम्पलिंग करणारी डिजिटल प्रणाली बसवली गेली आणि तिचं वर्णन करणारा पेपर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

क्लोव्हरमध्ये एक छान प्रकार होतो. १३३२ केईव्हीचा फोटॉन एका पाकळीत ९०० देतो, विखुरतो आणि उरलेले ४३२ शेजारच्या पाकळीत टाकतो. वेगवेगळे मोजले तर दोन्ही आकडे कचरा. दोन्हींवर एकाच क्लॉकचा वेळेचा शिक्का असेल, तर नंतर कॉम्प्युटरवर ते एकाच क्षणाचे आहेत हे ओळखून बेरीज करता येते. याला अ‍ॅड-बॅक म्हणतात. आधी यासाठी केबलची लांबी मोजून-कापून वेळ जुळवत, आता ती एक वजाबाकी आहे.

पण मग सगळीच सॅम्पल्स साठवून ठेवावीत आणि निवांत विश्लेषण करावं, असं कुणालाही वाटेल. हिशेब करा. दर सॅम्पलला दोन बाइट, सेकंदाला १० कोटी सॅम्पल्स, म्हणजे एका चॅनेलला २०० मेगाबाइट प्रति सेकंद. ९६ चॅनेल्सना १९ गिगाबाइट. प्रति सेकंद! प्रयोग चालतो दिवसेंदिवस. त्यामुळे एफपीजीएमध्येच निर्णय घ्यावा लागतो : या पल्सची फक्त ऊर्जा आणि वेळ ठेवायची (काही बाइट), की पल्सभोवतालचा १० मायक्रोसेकंदांचा तुकडा जसाच्या तसा ठेवायचा (दोन किलोबाइट). जे टाकलं ते गेलं, तो अणुकेंद्रकाचा ऱ्हास परत होणार नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात अवघड डिझाइन निर्णय हाच आहे, फिल्टर नव्हे.

आकारातून ओळख

तुकडा ठेवण्याचा फायदा कुठे होतो त्याचं एक उदाहरण, थोडक्यात. स्टिल्बिन किंवा काही द्रव सिंटिलेटरमध्ये न्यूट्रॉन आणि गॅमा दोन्हींमुळे प्रकाश चमकतो. उंचीवरून ते ओळखू येत नाहीत. पण न्यूट्रॉनने उडवलेला प्रोटॉन जी चमक देतो तिची शेपटी थोडी जास्त जाड असते. पूर्ण पल्सची बेरीज आणि फक्त शेपटीची बेरीज यांचा भागाकार केला की आलेखावर दोन वेगळे पट्टे दिसतात, एक गॅमांचा, एक न्यूट्रॉनांचा. अ‍ॅनलॉगमध्ये यासाठी खास मॉड्यूल लागायचं. डिजिटलमध्ये दोन बेरजा. शेपटी कुठून सुरू झाली असं मानायचं, ते एका आकड्याने बदलून पुन्हा पुन्हा तपासता येतं, तेही प्रयोग संपल्यावर.

जे डिजिटलला जमत नाही

अंगात आल्यासारखं सगळं डिजिटल करा म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. पहिला एफईटी आणि फीडबॅक कपॅसिटर हे अ‍ॅनलॉगच राहणार आणि तिथे शिरलेला नॉइज कोणताही अल्गोरिदम पूर्ण काढू शकत नाही. डिटेक्टरची ग्राउंडिंग वायर चुकीच्या जागी जोडली असेल तर १४ बिटचा एडीसी ती चूक १४ बिटच्या अचूकतेने दाखवतो, इतकंच. एकच डिटेक्टर, तुरळक पल्स, अशा ठिकाणी जुना नीट लावलेला अ‍ॅनलॉग सेट अप तितकीच रुंदी देतो. फरक पडतो तो दर वाढल्यावर आणि चॅनेल्स वाढल्यावर.

ज्यांना प्रोजेक्टसाठी हे करून बघायचं आहे त्यांनी जर्मेनियमच्या मागे लागू नये, परवडणारही नाही आणि गरजही नाही. मॅटलॅब किंवा सी मध्ये सुरुवात करा : यादृच्छिक वेळी येणाऱ्या उड्या, त्यांना ५० मायक्रोसेकंदांची शेपटी, वर थोडा नॉइज. त्यावर वरच्या चार ओळी चालवा. मग मुद्दाम म बदला, दर वाढवा, आणि शिखर कसं ओघळतं ते पाहा. हे जमलं की व्हीएचडीएलमध्ये उतरवायला फार तर आठवडा लागेल, फक्त अ‍ॅक्युम्युलेटरची रुंदी आधी कागदावर काढा. १४ बिटचा इनपुट, क = ५००, म = ५००० : गुणक २५ लाखांचा आहे. म्हणजे १४ च्या वर आणखी २२ बिट, शिवाय साइनचा एक. ३२ बिटचं रजिस्टर पुरणार नाही.

खरा पल्स हवा असेल तर छोटा सिंटिलेटर आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर घ्या. हा तीसेक व्होल्टवर चालतो, जुन्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबसारखं हजार व्होल्टशी खेळावं लागत नाही. किरणोत्सर्गी स्रोत विकत घेण्याच्या भानगडीतही पडायचं कारण नाही, तो परवान्याशिवाय हाताळणं योग्यही नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमधली पोटॅशियम क्लोराइडची बाटली आणा. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं आणि त्याचा १४६१ केईव्हीचा गॅमा तुमच्याआमच्या शरीरातूनही सतत निघत असतो. आधी बाटलीशिवाय रात्रभर मोजा, मग बाटली शेजारी ठेवून रात्रभर, आणि एकातून दुसरं वजा करा. १४६१ च्या जागी एक बुटका उंचवटा उरला पाहिजे. नाही उरला तर आधी म तपासा.